सावळा राम, गोरा नट

(भूगाव, ता. मुळशी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



सप्टेंबर २०२२ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ नावाची मालिका आली. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकानं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये जे अद्भुत जग उभं केलं, त्यावर ती बेतलेली होती. तिच्यात एल्फ योद्ध्याचं काम इस्माएल क्रूझ कोर्डोव्हा या पोर्तो रिकोच्या सावळ्या नटाला दिलं होतं, खुज्या ड्वार्फांच्या राजकन्येचं सोफिया नोमवेटे या कृष्णवर्णीय नटीला, आणि हारफुट नावाच्या छोट्या माणसांच्या म्होरक्याचं लेनी हेन्री या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाला. मालिका सुरू होण्याआधीच गदारोळ उठला. ‘पुस्तकात हे असं नाही’ हा त्यातला मोठा मुद्दा. नटांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की मालिकेच्या मंडळींना जाहीर निवेदन काढावं लागलं. आता टॉल्किनच्या पुस्तकाचं प्रास्ताविक उघडा. या छोट्या माणसांना तो हॉबिट म्हणतो, आणि त्यांतले हारफुट हे बाकीच्या हॉबिटांपेक्षा सावळ्या कातडीचे असतात, असं त्यानं स्वतःच तिथे लिहून ठेवलं आहे. पुस्तकाची शपथ घेऊन चाललेल्या भांडणात ते पान फारसं कुणी उघडलं नाही.

त्याआधी अठरा वर्षं एक उलटी गोष्ट घडली होती. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेनं १९६८ मध्ये ‘अर्थसी’ या द्वीपसमूहाची कथा कादंबरीरूपात आणली. तिचा नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा. हे तिनं ठरवून केलं होतं, कारण जादूगार म्हटला की गोराच असायचा याचा तिला कंटाळा आला होता. २००४ मध्ये या कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि गेड झाला एक गोरा नट. ले ग्विननं त्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला. पण ‘पुस्तकात असं नाही’ म्हणून जग तेव्हा पेटून उठलं नाही. पुस्तक तेच, निष्ठा तीच, मग एका वेळी आरडाओरडा आणि दुसऱ्या वेळी सामसूम का? मला आज त्याच ‘का’विषयी बोलायचं आहे. आणि ते इंग्रजी मालिकांविषयी नाही, आपल्याविषयी बोलायचं आहे. हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे. फक्त आपण ते कधी भांडलो नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. रामायण-महाभारताला मी परीकथा म्हणत नाही. या सभागृहात बसलेल्या अनेकांची ती श्रद्धा आहे आणि मी तिचा आदर करतो. पण अद्भुताचा जो प्रांत इंग्रजी वाचकाला टॉल्किननं दिला, तो मराठी प्रेक्षकाला पुराणकथेनं दिला. मायावी राक्षस, उडणारी विमानं, बोलणारी वानरं, शाप आणि उःशाप, हे सारं आपण रंगमंचावर आणि पडद्यावर पाहिलं ते याच कथांमधून. म्हणून तुलना व्हायची तर इथेच होते.

आपल्या रंगभूमीइतकी मोकळी रंगभूमी शोधून सापडणार नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीता पुरुष होता. बालगंधर्वांनी रुक्मिणी केली, सिंधू केली, आणि घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला तेव्हा, तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत आचारी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. विरहातले दोघेही एकच माणूस! आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांनी कृष्ण म्हणून कुणाला उभं केलं? स्वतःच्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला. कृष्णाची भूमिका मुलीनं करावी यात कुणाला वावगं वाटलं नाही. कालियाच्या फण्यावर नाचणाऱ्या त्या पोरीला लोकांनी मनापासून हात जोडले.

धर्माचंही तेच. इथून पौड रस्त्यानं निघून कोथरूडमार्गे लॉ कॉलेज रस्त्याला लागलं की फिल्म इन्स्टिट्यूट येते. तिथे पूर्वी ‘प्रभात’ होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिथे दामले-फत्तेलाल या जोडीनं १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातले फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, मुसलमान होते. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस आधी नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करायचे. आणि जिजाई केली गौरीनं. ती ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामं करणारी बाई, चेहरा उन्हात रापलेला, चाल शेतातल्या बाईची. आजही तो चित्रपट बघताना डोळे तिच्यावरून हटत नाहीत. विठ्ठलाच्या नावानं बोटं मोडत ती जो संसार ओढते, तो खोटा वाटतच नाही. पुढे १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ आला. ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक, अहमदनगरच्या ख्रिस्ती घराण्यातले. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’पासून मोडकांनी कृष्ण इतक्यांदा केला की एका पिढीच्या मनात कृष्णाचा चेहरा म्हणजे शाहू मोडक. १९४१ च्या ‘शेजारी’त व्ही. शांतारामांनी गजानन जागीरदारांना मिर्झा केलं, आणि हिंदी ‘पडोसी’त मझहर खान या मुसलमान नटाला ठाकूर. ही अदलाबदल त्यांनी ठरवून केली होती. पुढे दूरचित्रवाणीवर चोप्रांचं ‘महाभारत’ आलं, तेव्हा संवाद राही मासूम रझांचे, अर्जुन फिरोज खान आणि कृष्ण आपले नितीश भारद्वाज.

इतकं सगळं आपण पचवलं. बाईचा पुरुष, पुरुषाची बाई, ख्रिस्ती ज्ञानेश्वर, मुसलमान अर्जुन. आणि याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

मग अडलं कुठे? रंगाशी अडलं.

व्यासांनी द्रौपदीचं वर्णन केलं आहे. यज्ञवेदीतून उठलेली, काळ्यासावळ्या वर्णाची, कुरळ्या केसांची, जिच्या अंगाचा नीलकमळासारखा गंध कोसभर दरवळतो अशी. तिच्या रूपासाठी भारतभरचे राजे स्वयंवराला जमले. म्हणजे महाभारतातली सर्वांत सुंदर स्त्री काळी आहे, आणि व्यासांना त्याचं जराही अवघडलेपण नाही. त्यांचा कृष्ण सावळा, त्यांचा अर्जुन सावळा. वाल्मीकींचा रामही सावळा. आता आठवून पाहा, गेल्या शंभर वर्षांत नाटकात, चित्रपटात, मालिकेत, कॅलेंडरवर आपण काळी द्रौपदी कितीदा पाहिली? १९२० मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं खाडिलकरांचं ‘द्रौपदी’ मोठ्या थाटात आणलं. मयसभेच्या डामडौलावर इतका खर्च झाला की कंपनी कर्जात गेली. त्या द्रौपदीची रंगभूषा बालगंधर्वांच्या गोऱ्या चेहऱ्याला साजेशीच होती. पुढच्या सगळ्या द्रौपदी त्याच वाटेनं गेल्या. कृष्णाला आपण काळ्याऐवजी निळा केला, म्हणजे माणसाच्या कातडीचा प्रश्नच उरला नाही. आणि नंतर मालिकांमध्ये निळाही पुसून टाकला.

हे कसं घडलं, याचं एक उत्तर आपल्या शेजारीच आहे. मुळशीचा डोंगर ओलांडला की मावळ. तिथे कार्ल्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला हा छापखाना पुढे तिथे आला, आणि तिथून देवादिकांची रंगीत चित्रं हजारोंनी देशभर गेली. फाळक्यांनीही काही काळ या छापखान्याचं काम केलं होतं. ज्या घरात आधी टाक होते, शेंदूर फासलेला दगड होता, तिथे भिंतीवर चौकटीत उजळ कांतीच्या देवी आणि राण्या आल्या. रविवर्मा मोठा चित्रकार होता. पण घरोघर एकच चेहरा पोचला की तोच खरा होऊन बसतो. मग पडद्यावरचा दिग्दर्शक व्यासांना विचारत नाही, कॅलेंडरला विचारतो.

आणि काळा रंग गेला कुठे? तो राक्षसांकडे गेला. भाव्यांच्या मागून जी पौराणिक नाटकं आली, त्यांत राक्षस आरोळ्या ठोकत, तोंडं रंगवून, ‘अलल डुर्र’ करत रंगमंचावर उड्या घ्यायचे. कोकणातल्या दशावतारात संकासुराचा वेष आजही काळाच. यात आपण एकटे नाही. पीटर जॅक्सनच्या २००१ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गोऱ्या वीरांवर चालून येणाऱ्या उरुक-हाय सैन्याचा सरदार लर्ट्झ केला लॉरेन्स माकोआरे या माओरी नटानं. तेव्हा ‘पुस्तकात असं नाही’ म्हणून कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही.

पण इथे मुळशीत जरा थांबून विचार करायला हवा. आपल्या बांधावर, ओढ्याकाठी म्हसोबा आहे. बायका त्याला नारळ फोडतात, जत्रेला कोंबडं देतात. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीचे डोंगर पायी हिंडले आणि म्हणाले की हा म्हसोबा म्हणजे महिषासुरच. त्यांच्याआधी किती तरी वर्षं, १८७३ च्या ‘गुलामगिरी’त, जोतीराव फुल्यांनी म्हसोबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी मानलं आणि दशावतारांची सगळी कथाच बळीच्या बाजूनं वाचली. बळीचं राज्य येवो, असं दिवाळीला म्हणणारे आपण. म्हणजे पडद्यावर जो काळा राक्षस म्हणून मरतो, तो आपल्या शिवारात देव म्हणून उभा आहे. कोणाला नायक करायचं आणि कोणाला राक्षस, हे पुस्तकात कायमचं ठरलेलं नसतं. सांगणाऱ्या माणसाबरोबर ते बदलतं. फुल्यांनी त्यांच्या काळातला आर्य-अनार्य वंशवाद जसाच्या तसा घेतला होता, ते आज टिकणार नाही. पण हा राक्षस कुणाचा कोण, हा त्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे.

वंशाविषयी बोलायचं तर पुण्याच्याच एका बाईंचं नाव घ्यायला हवं. इरावती कर्वे. त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडे संशोधन करायला. हा फिशर वंशशास्त्रातला बडा माणूस, पुढे नाझी राजवटीनं ज्याला डोक्यावर घेतलं तो. कवटीची डावी-उजवी बाजू किती विषम आहे यावरून युरोपीय वंशाचं वेगळेपण दिसतं, अशी त्याची कल्पना होती. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या देशांतल्या कवट्या हातात घेऊन मोजल्या. निष्कर्ष निघाला तो प्राध्यापकाच्या विरुद्ध: या विषमतेचा वंशाशी संबंध नाही. विशीतली परदेशी विद्यार्थिनी, गुरू तो, शहर ते. तिनं जे दिसलं तेच लिहिलं. नंतर महाराष्ट्रात येऊन त्यांनीही जातीजातींची मोजमापं घेतली, हे खरं आहे, आणि त्याची चिकित्सा व्हायला हवी. पण १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये याच बाईंनी द्रौपदी, कुंती, गांधारी यांना देव्हाऱ्यातून काढून माणसं म्हणून वाचलं. मला वाटतं, कवट्या मोजताना जी नजर तयार झाली तीच तिथे कामाला आली. माणसाच्या बाह्य खुणांवरून त्याच्याबद्दल काही ठरवू नये, आधी नीट बघावं, अशी ती नजर.

‘युगान्त’नंतर अठरा वर्षांनी, १९८५ मध्ये, फ्रान्समधल्या आव्हिन्याँजवळच्या एका दगडखाणीत पीटर ब्रूकनं नऊ तासांचं महाभारत उभं केलं. भीष्म होता आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा सोतिगी कुयाते, भीम सेनेगलचा ममदू दिऊम, द्रोण जपानचा योशी ओइदा. सगळ्या प्रमुख नटांत भारतीय एकच, अहमदाबादच्या मल्लिका साराभाई, द्रौपदीच्या भूमिकेत. रुस्तुम भरुचांसारख्या समीक्षकांनी ब्रूकवर कडाडून टीका केली, आणि त्यातला बराच भाग मला पटतो. महाभारत त्याच्या मातीतून उपटलं तर त्यातलं कर्म, कूळ, धर्म हे सगळं पातळ होतं. पण त्याचा नटांच्या रंगाशी संबंध नाही. कुयात्यांचा भीष्म त्याच नाटकाच्या चित्रपटात बघा. उंच, काटकुळा, काळा, डोळ्यांत थकवा. शरपंजरी पडलेला तो म्हातारा आपला पितामह नाही असं मला एक क्षणही वाटलं नाही.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की मग काहीही चालेल का? कुणीही कुणाचंही काम करावं? माझं उत्तर असं की गोष्ट ज्या गुणावर उभी आहे तो गुण नटाकडे हवा. चोप्रांच्या ‘महाभारता’त भीम केला प्रवीणकुमार सोबती यांनी, आशियाई स्पर्धांत थाळीफेकीची सुवर्णपदकं मिळवलेल्या माणसानं. भीमाला ते शरीर लागतंच. हे भूगावकरांना मी सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरी याच गावात झाली आणि अभिजित कटकेनं गदा उचलली. मातीत उतरलेल्या गड्याचं बळ आणि डाव बघायचा असतो, हे इथल्या पोरासोरांना कळतं. एल्फाच्या कातडीवर टॉल्किनच्या कथेतला एकही डाव अवलंबून नाही. गेडच्या कातडीवर मात्र ले ग्विनच्या कथेतलं बरंच काही अवलंबून आहे, कारण तिला जगातले बहुसंख्य लोक गोरे नाहीत हेच दाखवायचं होतं. द्रौपदीचं सावळेपणही तसंच आहे. ते काढलं की सौंदर्याविषयी व्यासांनी जे म्हटलं तेच पुसलं जातं.

आणि जिथे कथा संपून इतिहास सुरू होतो, तिथे तर जबाबदारी वाढते. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हा हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा सरदार. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जे धावले, त्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह होते. तेही हबशीच. वेढा घालणाऱ्यांत आणि तो फोडायला निघालेल्यांत, दोन्ही बाजूंना आफ्रिकी रक्ताची माणसं होती. मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर असाच इथियोपियातून आलेला. जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिले. आता २०२२ चा ‘पावनखिंड’ चित्रपट पाहा. सिद्दी जौहर झाले आहेत समीर धर्माधिकारी, सिद्दी मसूद आस्ताद काळे. दोघंही चांगले नट आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अरबी समुद्राच्या काठावर राहणाऱ्या सिद्दी घरांतला एखादा पोरगा या भूमिकेसाठी शोधावा, असं अशा चित्रपटांच्या वाटेवर कुणाला सुचत नाही. शत्रू म्हणून तो आपल्याला इतिहासात हवा, नट म्हणून पडद्यावर नको. पोरं मोठी होतात तेव्हा त्यांना ठाऊकच नसतं की मराठ्यांच्या बाजूनंही हबशी लढले होते.

नाशिकच्या काळारामाचं उदाहरण मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. तिथली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे, नावातच काळा आहे, आणि २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं दर्शनाला गेली तेव्हा तिचे दरवाजे बंद होते. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी हा सत्याग्रह पुढे कित्येक वर्षं चालवला. काळा देव आत आणि माणसं बाहेर. भूमिका कुणाला मिळते हा प्रश्न मला या दरवाज्यापासून वेगळा काढता येत नाही. पंढरीच्या सावळ्याला रोज आळवणारा समाज घरात सून मात्र गोरी शोधतो आणि वर्तमानपत्रात तशी जाहिरात देतो. पडद्यावरचा रामही मग तसाच शोधला जातो.

तालुक्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. वर्गाचाच रंगपट केला होता, बाकावर पावडरीचे डबे, पॅनकेक, काजळ. रामाची भूमिका करणाऱ्या मुलाच्या तोंडाला बाई पॅनकेक फासत होत्या. हनुवटीपर्यंत गोरेपण आलं, मान तशीच राहिली, आणि कान तर विसरूनच गेले. बाजूला एक चांगला काळाभोर, उंचेला मुलगा पुठ्ठ्याची शिंगं बांधून उभा होता. बाईंनी त्याला कोळशाच्या मिशा काढल्या आणि म्हणाल्या, याला काही लावायला नको. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, वेळ वाचल्याचं समाधानच होतं. नाटक सुरू झालं आणि वनवासाला निघण्याच्या प्रवेशात राम अडखळला. विंगेतून त्याला पुढचं वाक्य सांगितलं ते त्या शिंगवाल्या मुलानं. त्याला रामाचं सगळं काम तोंडपाठ होतं. आवाजही असा की पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

तो मुलगा राम का नव्हता? पुस्तकाप्रमाणे जायचं तर तोच राम होता. वाल्मीकींनी त्याला लगेच निवडला असता.

तर इथे बसलेल्या शिक्षकांना आणि गणेशोत्सवात जिवंत देखावे करणाऱ्या मंडळांच्या पोरांना माझी एक विनंती आहे. भूमिका वाटताना मुलांना पडद्यामागे उभं करा आणि एकेकाला संवाद म्हणायला सांगा. समोर बसणाऱ्यांनी फक्त ऐकायचं आणि गुण द्यायचे. ज्याचा आवाज, ज्याचे उच्चार, ज्याची समज चांगली त्याचं नाव रामापुढे लिहा, मग पडदा बाजूला करा. ज्याचं नाव निघेल त्याच्या तोंडाला पांढरं फासू नका. द्रौपदीची निवडही अशीच करा. आणि कुणी पालक तक्रार घेऊन आलेच, तर त्यांना आदिपर्वातलं द्रौपदीच्या जन्माचं पान काढून वाचायला द्या. गावच्या वाचनालयात ते नसेल तर मला कळवा, प्रत मी पाठवतो.